‘निम्मी फी’ म्हणजे नेमकी किती?

मॅडम, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. यजमान शेती करतात, अडीच एकर कोरडवाहू. मुलाचा कॅपच्या (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्याच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागलाय. आम्ही ओपनमधले. कॉलेजनं १,४६,५०० रुपयांची स्लिप हातात दिली आणि म्हणाले, ‘आत्ता सगळे भरा, स्कॉलरशिप आली की परत मिळतील.’ गावात कुणी म्हणतं ईबीसीत निम्मी फी माफ होते, कुणी म्हणतं ते सगळं कागदावर. दीर म्हणतात, एवढे भरायचेच तर थोडे अजून घालून मॅनेजमेंट कोट्यातून मोठं कॉलेज घ्या. माझ्या पाटल्या आहेत, त्या मोडू का? कर्जाला यजमान घाबरतात. धाकटी मुलगी यंदा दहावीला आहे, तिचंही पुढं आहेच. आणि खरं सांगू का, असे अर्ज घेऊन दारोदार फिरायची लाज वाटते. — एक आई

ताई,

पाटल्या सध्या हातातच राहू द्या. निदान हे वाचून होईपर्यंत.

मी एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीमागे बावीस वर्षं काढली आहेत. समोर येणारा प्रत्येक पालक पहिल्यांदा हेच विचारायचा, ‘स्कॉलरशिप मिळेल ना हो?’ आणि मी दर वेळी उलट विचारायची, ‘फीची स्लिप आणलीय?’ कारण ‘फी’ असं एकच काही नसतं. स्लिपवर चार-पाच ओळी असतात आणि सरकार त्यातल्या एक-दोन ओळींचेच पैसे देतं. तुम्ही पत्रासोबत स्लिपचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्यावर असं आहे: शिक्षण शुल्क १,१८,०००, विकास शुल्क १५,५००, विद्यापीठ, परीक्षा व इतर मिळून ५,००० आणि अनामत ८,०००.

तुम्ही ज्याला ईबीसी म्हणता, तिचं पूर्ण नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, महाराष्ट्राचा रहिवासी आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपैकी एक. तुमचा मुलगा या सगळ्यात बसतो. पण ती निम्मी माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्काला ती लागू नाही, अनामतीला नाही, जिमखान्याला नाही. म्हणून गावातले लोक १,४६,५०० चे निम्मे करून ७३,२५० म्हणतात, तिथंच हिशेब फसतो. शिक्षण शुल्काचे निम्मे ५९,००० वजा करा. उरतात ८७,५००. परीक्षा शुल्काचे निम्मे म्हणजे आणखी काही शे रुपये, ते मी धरत नाही. हा ८७,५०० तुमचा खरा आकडा, एका कागदावर मोठ्ठा लिहून ठेवा. त्यातले अनामतीचे ८,००० कोर्स संपल्यावर परत मिळतात, त्यामुळे ती पावती चार वर्षं जपायची. (ती पावती हरवलेली मुलं मी मोजायची सोडून दिली होती.) दुसऱ्या वर्षापासून अनामत नाही, म्हणजे ७९,५००.

स्लिपवरचा आकडा बरोबर आहे की नाही, तेही तपासता येतं. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय, कोर्सनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. मुलाला पाच मिनिटं बसवा आणि बघायला सांगा. त्यापेक्षा जास्त कुणी मागितलं, किंवा पावती न देता मागितलं, तर ती कॅपिटेशन फी. १९८७ च्या कायद्यानं ती घ्यायला महाराष्ट्रात बंदी आहे.

आता तुमची खरी अडचण. मदत किती मिळणार, याचं उत्तर आपण काढलं. पण ती मिळणार कधी? प्रवेश आत्ता, अर्ज त्यानंतर, मग कॉलेजची तपासणी, मग विभागाची, मग निधी. मी काम करायचे तेव्हा पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षात आलेले बऱ्याचदा पाहिलेत. म्हणून जे म्हणतात ‘ते सगळं कागदावर’, ते खोटं बोलत नाहीत, त्यांचे पैसे उशिरा आले एवढंच. तुम्हाला ५९,००० मिळतील का ही काळजी करायची नाही, मधले काही महिने ते ५९,००० कुणाच्या खिशातून जाणार ही करायची.

आणि ते तुमच्या खिशातून जायला नकोत. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी सरकारच्या वाट्याची फी घेऊ नये, अशा सूचना शासनानं कॉलेजांना दिलेल्या आहेत. खिडकीवरचा माणूस ‘सगळे भरा’ म्हणतो, कारण त्याला वरून तसं सांगितलेलं असतं, आणि वरच्यांना सरकारकडून पैसे यायची वाट बघायची नसते. मी त्या खुर्चीत बसलेय, त्यांची बाजूही मला कळते. पण तुम्ही भांडू नका आणि गप्पही बसू नका. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा: माझ्या मुलाचा प्रवेश कॅपमधून झाला आहे, कुटुंबाचं उत्पन्न इतकं आहे, तो राजर्षी शाहू योजनेसाठी महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करणार आहे, म्हणून शासनाच्या वाट्याची रक्कम सोडून उरलेली फी स्वीकारावी. खाली हमी द्या, की शासनाची रक्कम आमच्या खात्यात आली तर आम्ही ती कॉलेजात भरू. दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी नकार देणं सोपं असतं, शिक्का मारलेल्या अर्जाला नकार द्यायला जरा विचार करावा लागतो. तरी ऐकलं नाही, तर तीच प्रत घेऊन तंत्रशिक्षण विभागाच्या पुण्याच्या सहसंचालक कार्यालयात जायचं.

दिरांचा सल्ला प्रेमाचा असेल, पण तो मानू नका. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही योजना लागू नाही. एकदा कॅपमधली जागा सोडली, की ५९,००० फक्त यंदाचे जात नाहीत, चारही वर्षांचे जातात. ‘थोडे अजून घालून’ हे ‘थोडे’ किती, ते त्यांनाच कागदावर मांडायला सांगा.

कागदपत्रांकडे येऊ. यादी तुम्हाला कॉलेजही देईल: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, रेशनकार्ड, अपत्यांचं घोषणापत्र, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यातलं बहुतेक तुमच्याकडे आहेच. अर्ज अडतात ते तीन-चार ठिकाणी, तेवढंच सविस्तर सांगते.

पहिलं, उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा लागतो, मागच्या आर्थिक वर्षाचा. तलाठ्यांचा अहवाल घेऊन सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करायचा. सेतूत कुणीतरी हमखास म्हणेल, ‘कमीचा काढून देतो की.’ काढू नका. मर्यादा ८ लाखांची आहे, तुम्ही तिच्या कितीतरी खाली आहात, कमी दाखवून एक रुपया जास्त मिळत नाही. उलट उद्या बँकेत तुमच्या मानधनाची स्लिप एक आकडा सांगेल आणि दाखला दुसरा, मग दोन्ही फायली अडकतील.

दुसरं, बँक खातं. ‘खात्याला आधार लिंक आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही, आधार बघून येतो, आणि तो त्याच एका खात्यात पडतो ज्याची डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधारशी जोडणी झालेली आहे. माणसाची खाती पाच असोत, जोडलेलं एकच, आणि तेही सगळ्यात शेवटी जोडलेलं. माझ्याकडे एक मुलगा दोन वर्षं फेऱ्या मारत होता. पोर्टल म्हणायचं पैसे जमा, त्याच्या पासबुकात शून्य. शेवटी निघालं काय, तर सहावीत असताना शाळेनं उघडून दिलेलं शून्य शिलकीचं खातं होतं, आधार त्याला जोडलेलं. दोन वर्षांचे पैसे तालुक्याच्या त्या शाखेत पडून, आणि खातं वापरात नाही म्हणून गोठलेलं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं, बँकेचं नाव तिथं दिसतं. अर्ज भरायच्या आधी बघा, नंतर नको.

तिसरं, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगते: अर्ज नेट कॅफेत भरायचा असेल तर खुशाल भरा, पण मोबाइल नंबर मुलाचाच घाला. कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो. मग दोन महिन्यांनी कॉलेजनं अर्ज ‘सेंड बॅक’ केला, म्हणजे दुरुस्तीला परत पाठवला, तर मेसेज जातो कॅफेवाल्याला. तो कशाला सांगतोय? मुलाला वाटतं अर्ज पुढं गेलाय. अशी रद्द झालेली प्रकरणं मी पाहिलीत, आणि त्यात ना मुलाची चूक असायची, ना योजनेची. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. दर आठ-दहा दिवसांनी लॉगिन करून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते बघायचं: कॉलेज, मग विभाग, मग मंजुरी. कॉलेजच्याच पातळीवर महिना झाला असेल तर खिडकीवर जाऊन अर्ज क्रमांक सांगायचा. चांगल्या शब्दांत. ढिगातला वर येतो.

आणखी एक. पोर्टलवर ‘राइट टू गिव्ह अप’ नावाचं बटण आहे. नाव ऐकून कुणाला वाटेल काहीतरी हक्क मिळतोय. मिळत नाही, सोडला जातो. ते बटण दाबलं की आपण लाभ नाकारला असं होतं. मुलाला सांगून ठेवा.

दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, एकदा मंजूर झालं म्हणजे चार वर्षं झालं असं नाही. आणि ‘मुदत वाढतेच’ म्हणणाऱ्या मित्रांच्या नादी लागू नये. वाढते बऱ्याचदा, हे खरं आहे. पण त्या भरवशावर थांबलेला एखादा दर वर्षी राहतोच.

राहण्याचा खर्च तुम्ही पत्रात लिहिलाच नाही, पण पुण्यात तो फीइतकाच अंगावर येईल. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ईबीसीच्या जोडीनं याच पोर्टलवर. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती मिळते. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत, साधारण ५ एकर. तुमची अडीच एकर आहे. म्हणजे उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला जाल त्याच फेरीत सातबारा आणि आठ-अ घेऊन अल्पभूधारकाचा दाखलाही काढा. मुलगा कॉलेजच्या होस्टेलला राहिला तर तिथली पावती, खोली केली तर भाडेकरार लागतो. आणि पुण्यातच विद्यार्थी सहायक समिती आहे, १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलांची राहण्या-जेवण्याची सोय कमी खर्चात करते. अर्ज आणि मुलाखत घेऊन निवड होते. जागा भरायच्या आत चौकशी करा.

केंद्र सरकारच्या पोर्टलवर बारावीच्या गुणांवर मिळणारी वर्षाला १२,००० ची शिष्यवृत्तीही दिसेल, बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असलेल्यांसाठी, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. राज्याची फीमाफी घेणाऱ्याला ती चालत नाही. ५९,००० सोडून १२,००० च्या मागे जायचं कारण नाही, हे सांगायची गरज नव्हती, पण मुलं दोन्हीकडे अर्ज टाकतात आणि मग दोन्हीकडे खुलासे देत बसतात.

कर्जाचं. यजमानांची भीती मला समजते. शेतीच्या कर्जानं ज्यानं एकदा हात पोळून घेतले, त्याला बँकेची पायरी नको वाटते. पण हे कर्ज त्या जातीचं नाही. फी हीच धरली तर चार वर्षांचे तुमच्या वाट्याचे ३,२६,००० होतात. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरायला लावत नाही. होस्टेल धरून आकडा वर गेला, तरी साडेसात लाखांपर्यंत सरकारची पतहमी योजना आहे, त्यामुळे सातबारा गहाण टाकायला कुणी सांगितलं तर ‘लेखी द्या’ म्हणा. सगळी रक्कम एकदम उचलली जात नाही. दर वर्षी कॉलेजच्या खात्यात तेवढा हप्ता जातो आणि जेवढे गेले तेवढ्यावरच व्याज, तेही शिक्षण चालू असताना सरळ व्याज. परतफेड कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होते. जमलं तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहा. एका लाखावर १० टक्क्यांनी महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये, पण त्यामुळे मुलाच्या पहिल्या पगारावर ओझं कमी येतं.

व्याज सवलतीबद्दल बँकेत बरंच ऐकाल. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ३ टक्के सवलत आहे, पण कॉलेज त्यांच्या यादीतलं हवं, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती सवलत मिळत नाही. लाखावर ३ टक्के म्हणजे वर्षाला ३,०००. ईबीसीपुढे ती कुठेच नाही. साडेचार लाखांखालच्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातल्या व्याजाची वेगळी योजना आहे. तिच्याबद्दल विचारा, पण ईबीसी घेतोय हे बँकेला आधीच लेखी सांगा आणि व्याज माफ होईल असं धरून हिशेब मांडू नका.

तर पाटल्यांचं असं. कॉलेजनं तुमचा अर्ज मानला, तर गरज ८७,५०० ची, ती थोडी साठवण आणि थोडं कर्ज यात भागते. नाहीच मानला आणि प्रवेशाची तारीख डोक्यावर आली, तर पाटल्या बँकेत तारण ठेवून तेवढ्या महिन्यांपुरते पैसे उचला आणि शिष्यवृत्ती आल्यावर सोडवा. मोडलेलं सोनं पुन्हा घडवताना दुप्पट दमछाक होते, आणि चार-सहा महिन्यांच्या अडचणीसाठी कायमची वस्तू का घालवायची?

लाज वाटते म्हणालात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पहिलं वसतिगृह १९०१ मध्ये उघडलं, तेव्हा तिथं राहायला आलेल्या पोरांच्या आईबापांनाही असंच अवघडल्यासारखं झालं असेल. तुम्ही अंगणवाडीत बायकांना पोषण आहाराचे फॉर्म भरायला लावता ना? त्यांना काय सांगता?

धाकटीचं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश कॅपमधूनच हवा. तुमची जमीन ५ एकरांच्या आत आहे, तेव्हा ती बारावीला गेली की ईडब्ल्यूएसचा दाखला वेळेत काढा. तिचा कॅपचा फॉर्म भरताना ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, जागाही बघा, चॉइस कोडच्या शेवटी टी असतो. मुलाच्या वेळी ते कुणी सांगितलं नसणार.

पण तिच्यासाठी आत्ता करायचं काम वेगळंच आहे. यंदा तिचा दहावीच्या बोर्डाचा फॉर्म जाईल. शाळेत जाऊन तो एकदा डोळ्यांनी बघा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इंग्रजी स्पेलिंगसकट, आधारवर आहे तसंच आहे ना. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापलं जातं तेच पुढे सगळीकडे लागतं, आणि एका जास्तीच्या ‘ए’साठी राजपत्राच्या फेऱ्या मारणारी मुलं मी खिडकीतून खूप पाहिलीत. शाळा दुरुस्तीसाठी प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, देते, त्यावर सही करायच्या आधी घरी आणायला सांगा.